मशीनला एकच हात

मी कमी बोलतो, अशी माझ्याबद्दल सगळ्यांची तक्रार असते. घरात असते, कॉलेजात असते, आता ती मुलीच्या सासरीही पोचली आहे. त्यावर मी आजवर एकच उत्तर देत आलो, की आमच्या घरात बोललेलं ऐकूच येत नसे. हे उत्तर खोटं नाही. जळगावजवळच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझ्या वडलांची, आबांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. सकाळी दूधवाल्याच्या आधी पहिली बॅच यायची आणि दिवेलागणीनंतर शेवटची जायची. मधल्या वेळात त्या खोलीतून पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज सतत येत राहायचा. ओळ संपली की घंटी वाजायची, टिण्, मग पुढच्या ओळीसाठी कॅरेजचा दांडा ढकलल्याचा खर्रकन आवाज, आणि पुन्हा गारा. आई मागच्या खोलीत भाकरी थापायची तीही त्याच ठेक्यात. पाहुणे म्हणायचे, वहिनी, तुम्हाला त्रास नाही का होत? आई म्हणायची, “त्रास रविवारी होतो. इतकं शांत असतं की भाकर बिघडते.”

आबांची शिकवायची एक रीत होती आणि तिच्याबद्दल ते हट्टी होते. नव्या मुलाला ज्या मशीनवर बसवायचं, त्याच्या बटणांवरची अक्षरं ते काळ्या रंगाने बुजवून टाकत. इतर इन्स्टिट्यूटमध्ये भिंतीवर तक्ता असतो, कुठलं अक्षर कुठे ते दाखवणारा. आमच्याकडे तक्ता नव्हता. “नजर गेली की बोटं आळशी होतात,” असं आबा म्हणत. ते मुलाच्या मागे उभे राहायचे आणि एकेका बोटाला त्याचं अक्षर तोंडाने सांगायचे. ए, एस, डी, एफ, जी, एफ. मग उजवा हात. सेमिकोलन, एल, के, जे, एच, जे. हा पहिला धडा. बाहेर अंगणात ज्वारीचे बिबडे वाळत घालणाऱ्या बायकांनाही तो पाठ झाला होता. मला तर कुणी शिकवलाच नाही. चालायला लागलो तसा टाइप करायला लागलो असेन. बाकी कशात मी हुशार नव्हतो. गणित बरं होतं, इंग्रजी बेताचं. बोटं मात्र पळायची.

धुळ्याच्या एका कॉलेजात त्या काळी कंप्युटर हा विषय नवीनच सुरू झाला होता. जळगाव जिल्ह्यातून त्यासाठी गेलेल्या थोड्या मुलांत मी होतो. आबांना त्याचं फार अप्रूप. ज्याला त्याला सांगायचे, “पोरगं कंप्युटरला आहे,” जसं काही मी तिथे साहेब म्हणून रुजू झालो होतो. मी शनिवारी एसटीने घरी यायचो तेव्हा शेवटच्या बॅचची मुलं माझ्याकडे बघत राहायची. त्यांना ठाऊक नव्हतं की पहिल्या सत्रात मी तो कंप्युटर काचेतून पाहिला होता, तोही झाकलेला.

आज नव्या मुलांना हे सांगितलं की ती हसतात. लॅब म्हणजे एक लांबोडकी खोली. तिला पडदे, एक गार हवेचं यंत्र, आणि बाहेर चपलांसाठी फळी. आत जाताना पाय धुवायचे, पुसायचे, मग आत. आमच्या देवघरात इतकं सोवळं नव्हतं. तीन कंप्युटर. त्यातला एक प्राचार्यांच्या पाहुण्यांना दाखवायचा, म्हणून त्याचं कव्हर फक्त पाहुणे आले की निघायचं. उरले दोन, आणि आम्ही वर्गभर मुलं. प्रोग्राम शिकवला जायचा फळ्यावर. तो जर्नलमध्ये उतरवायचा, आणि पडद्यावर जे उत्तर आलं असतं ते शेजारी चौकट आखून पेन्सिलीने काढायचं. कंप्युटरने काय म्हटलं असतं ते आम्हीच लिहायचो. चित्र सुबक असलं की सर ‘छान’ असा शेरा द्यायचे. दुसऱ्या वर्षी दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली तेव्हा कुणीतरी भक्तिभावाने कीबोर्डवरच हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या. एक तांदूळ लांब पट्टीच्या बटणाखाली गेला आणि दिवाळीच्या सुटीपर्यंत त्या यंत्रावर कुणाला दोन शब्दांत जागा सोडता येईना. ती पट्टी कशी उचलायची हे शेवटी मीच दाखवलं. आमच्या घरी मशीन उघडून साफ करणं हे रविवारचं काम होतं.

तिथून सगळं सुरू झालं. आमचे देवरे सर तसे सज्जन. त्यांनाही हा विषय कुणी शिकवलेला नव्हता. कुठल्याशा छोट्या वर्गाला जाऊन आले होते आणि यंत्राला काही झालं तर जबाबदारी त्यांची होती. ते घाबरलेले असत, हे मला आता कळतं. मी स्वतः विभागप्रमुख झाल्यावर कळलं. तांदूळ निघाल्यावर त्यांनी मला विचारलं, “टायपिंग येतं?”

“वडलांची इन्स्टिट्यूट आहे, सर.”

“झकास!” ते वर्गाकडे वळले. “हे बघा, उगाच सगळ्यांनी बटणं बडवायची नाहीत. मशीनला एकच हात. हा टायपिस्ट बसेल. बाकीच्यांनी डोळे वापरा.”

वर्ग हसला. टायपिस्ट हे नाव त्या दिवसापासून मला चिकटलं. दुसऱ्या यंत्रावर असाच एक ठेकेदाराचा मुलगा बसवला, ज्याच्या घरी कंप्युटर होता म्हणे. बाकीची मुलं दोन वर्षं आमच्या खांद्यांवरून वाकून बघत राहिली. कुणी तक्रार केली नाही. उलट हात लावावा लागत नाही याचं पुष्कळांना बरंच वाटायचं. बिघडलं तर कोण भरून देणार?

माझ्या खांद्याशी असायचा भटू. साक्रीच्या पलीकडच्या एका खेड्यातला. घरची बाजरी-भुईमुगाची कोरडवाहू शेती, घरात कॉलेजला गेलेला हा पहिलाच. धुळ्यातल्या देवपुरात आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. काळा, काटक, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता भिंतीकडे बघायची सवय. भिंतीवर त्याला काहीतरी लिहिलेलं दिसत असावं. त्याच्यासारखं डोकं मी नंतरच्या सगळ्या नोकरीत पाहिलं नाही. देवरे सर फळ्यावर प्रोग्राम लिहीत असायचे आणि हा मला हळूच सांगायचा, “चौथी ओळ चुकनी त्यासनी. हाऊ कधी थांबावच नही.” आणि खरंच, यंत्रावर घातला की तो प्रोग्राम चालतच राहायचा, सर घाबरून बटण बंद करायला धावायचे. भटूला तो सबंध प्रोग्राम डोक्यात चालवता यायचा. कागद लागत नसे. लॅबमध्ये तो माझ्या मागे उभा राहून म्हणायचा, “मी सांगस, तू ठोक.” आणि मी ठोकायचो. त्याचं वाक्य संपायच्या आत माझी ओळ संपलेली असायची. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची, उत्तर यायचं, सर पाठ थोपटायचे. थोपटायचे ती माझी. कारण खुर्चीवर मी असायचो.

भटूला त्याचं काही वाटत नसे, असं मी तेव्हा धरून चाललो होतो. एकदाच, बाहेर येऊन चपला घालताना तो म्हणाला होता, “एकदा माले बसू दे ना भो. देखू दे, कसं वाटस ते.” मी म्हणालो, सर रागावतील. सर त्या वेळी चहाला गेले होते.

आमची खोली, तिथला रॉकेलचा स्टोव्ह, त्याच्या घरून आलेली बाजरीची भाकर आणि माझ्या घरून आलेलं लोणचं यावर ती दोन वर्षं गेली. रात्री अंथरुणावर पडून तो मला जे सांगायचा ते मला अर्धंच कळायचं. जळगावला कंप्युटरचा पुढचा, एम.एस्सी.चा अभ्यासक्रम सुरू झाला होता. त्याला तिथे जायचं होतं. त्याचं वेड नोकरीचं नव्हतं. त्याला वाटायचं, माणसाला सोडवायला जन्म जाईल असं गणित यंत्राला घालून बघता येईल. “एकदा ते मना हातमा येऊ दे,” म्हणायचा. हातात. शब्द त्याचाच होता.

शेवटच्या वर्षी परीक्षा तोंडावर आली आणि नोटीस लागली. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक येणार. जर्नल दाखवून, तोंडी दोन प्रश्न विचारून सोडून देणं आता बंद. एका यंत्रावर एकच विद्यार्थी बसेल, दिलेला प्रोग्राम स्वतः घालेल, चालवून दाखवेल. त्यात नापास तो पदवीला नापास. दोन वर्षं ज्यांनी हात लावू दिला नाही, त्यांनी एका नोटिशीने सगळ्यांना हात फुटायची आज्ञा केली. आम्ही सरांकडे गेलो. सर म्हणाले, “माझ्या हातात आहे का ते?” लॅब उघडून सराव करू द्या म्हटलं, तर गार हवेचं यंत्र बिघडलेलं. ते दुरुस्त झाल्याशिवाय लॅब उघडायला परवानगी नव्हती. कुलूप लागलं ते परीक्षेच्या दिवशीच निघालं. या सगळ्याचा मला आजही संताप येतो. हा संताप मी इतकी वर्षं फार जपून वापरला आहे. कुणी त्या काळाबद्दल विचारलं की मी व्यवस्थेवर बोलतो, नोटिशीवर, कुलपावर बोलतो. लोकांना पटतं. ते सगळं खरंच आहे, आणि त्याच्या आड उभं राहायला जागा चांगली आहे.

अभ्यासाच्या सुटीत मी भटूला घरी घेऊन आलो. धुळ्यात उन्हाने खोली तापायची, आमच्याकडे निदान पंखा होता. आईने त्या दिवशी वांगी भाजून भरीत केलं होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, वर तेल. भटू तिला लगेच मानवला, कारण तो तिच्यासारखंच अहिराणी बोलायचा. मी घरात प्रमाण भाषेत बोलायला लागलो होतो आणि ती माझ्याशी जरा बिचकून बोलायची. “खाय रे भाऊ, लाजू नको,” ती त्याला म्हणाली. “आमना अरुण कंप्युटर शिकना तैपासून भाकरबी मोजीसन खास.” सगळे हसले. मीही हसलो.

आबांनी जेवता जेवता परीक्षेची चौकशी केली. भटूने सांगून टाकलं, सरळ, भिंतीकडे बघत, की बाकी बठ्ठं येस आबा, सगळं येतं, पण मी त्या बटणांना कधी हातच लावला नाही, अक्षर शोधण्यातच वेळ जाईल. आबांचा चेहरा एकदम उजळला. तो चेहरा मी विसरू शकत नाही. आपल्या मुलाच्या त्या मोठ्या, गार, पडदे लावलेल्या जगात आपलंही काही लागतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

“अरे, हे होय? उद्या सकाळी पहिल्या बॅचला बस. दुपारीही बस. आठ दिवसांत बोटं बसवून देतो. न बघता!”

भटूने माझ्याकडे पाहिलं. तो बहुतेक खुश झाला होता. आणि मी भाकरीचा तुकडा मोडत म्हणालो, “उपयोग नाही आबा. कंप्युटरची अक्षरं वेगळी लावलेली असतात.”

“वेगळी म्हणजे?”

“म्हणजे तुमचं मराठी मशीन वेगळं आणि इंग्रजी वेगळं, तसं कंप्युटरचं आणखी तिसरं. टाइपरायटरवर शिकला तर उलट घोळ होईल त्याचा.”

ज्याने एकदा दोन्ही पाहिलं आहे त्याला ठाऊक असतं, की इंग्रजी टाइपरायटरवरची अक्षरं आणि कंप्युटरवरची अक्षरं यांच्या जागा एकच. म्हणून तर मला त्या खुर्चीवर बसवलं होतं. आबांनी कंप्युटर पाहिलेला नव्हता. भटूने कीबोर्ड पाहिला होता तो माझ्या बोटांआडून, आणि आबांच्या मशीनवरची अक्षरं काळी केलेली. त्या घरात ते जाणणारा मी एकटा होतो.

आबांचा घास थोडा वेळ हातातच राहिला. “असं का?” ते म्हणाले. “मग राहू दे बाबा. त्याचा घोळ नको व्हायला.” मग आईकडे बघून हसत म्हणाले, “आपलं दुकान जुनं झालं म्हणायचं.”

मी असं का बोललो याची अनेक कारणं मी वेळोवेळी स्वतःला देऊन पाहिली. सकाळच्या बॅचमध्ये, बनियनवर उभ्या असलेल्या आबांसमोर भटू बसलेला मला नको होता, हे एक. कॉलेजात मी टायपिस्ट आणि इथे त्या टायपिस्टच्या कारखान्याचं दार, ते त्याने रोज बघावं, तिथून चार किस्से घेऊन धुळ्याला जावं, याची लाज. हे कारण खरं आहे आणि त्यातल्या त्यात बरं दिसतं. दुसरं तितकं बरं नाही. भटूजवळ डोकं होतं, माझ्याजवळ बोटं. त्याची बोटं बसली असती तर तो एकटा पुरा होता. मी मग कोण होतो? एवढंच. कुणाचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं. आपली खुर्ची जाऊ नये, इतकंच मनात होतं, आणि तेवढं पुरेसं असतं.

धुळ्याला परतल्यावर एकदा, स्टोव्हला पंप मारता मारता, भटूने विचारलं, “तुना आबा त्या पोऱ्यासले सांगेत, ए, एस, डी. आपला कंप्युटरवरबी ए ना शेजारी एसच शे ना रे? मी देखेल शे.”

मी म्हणालो, “तेवढं सारखं आहे. पुढे सगळं बदलतं.”

“मंग तू माले पुठ्ठावर काढी दे. कुठलं बटण कुठे. मी घोकसू.”

“देतो काढून,” मी म्हणालो. दोनदा आठवण केली त्याने. मी म्हटलं, आठवून काढावं लागतं, बोटांना येतं, सांगता येत नाही. हे वाक्य आबांच्या शिकवणुकीसारखं वाटतं, म्हणून त्याचा त्यावर विश्वास बसला असावा. पुठ्ठा त्याने आणून ठेवला होता, चपलांच्या खोक्याचा. तो कोराच राहिला.

परीक्षेच्या दिवशी गार हवेचं यंत्र चालू होतं आणि खोलीत फिनेलचा वास होता. परीक्षक बाहेरगावचे, पांढऱ्या बुशशर्टातले, सतत घड्याळ बघणारे. माझी पाळी भटूच्या आधी होती. मला आलेला प्रोग्राम नेमका भटूनेच मला दोन वर्षांत दहा वेळा सांगितलेला. मी तो समजून नाही, बोटांनी पाठ केला होता. गारा पडल्या, उत्तर आलं. परीक्षक म्हणाले, “स्पीड छान आहे.” तोंडी प्रश्नाला मी अडखळलो, त्यांनी हात हलवून सोडून दिलं.

मी दाराशी चपला घालत राहिलो. भटू खुर्चीवर बसला तो आधी हात मांडीला पुसून. चिठ्ठी वाचली आणि त्याचा चेहरा मला बाजूने दिसला. त्याला प्रोग्राम तिथल्या तिथे सुटला होता, ते मला त्याच्या मानेवरून कळलं. मग त्याने उजव्या हाताचं एक बोट वर धरलं आणि तो खाली वाकला. बोट कीबोर्डवरून फिरायला लागलं, जसं अंधारात कुणी भिंतीवर दिव्याचं बटण चाचपतं. एक अक्षर. पुन्हा फिरणं. एक अक्षर. एकदा चुकीचं बटण जरा जास्त वेळ दाबलं गेलं आणि पडद्यावर तेच अक्षर ओळभर धावलं. तो दचकून मागे सरला. शेजारच्या यंत्रावर ठेकेदाराचा मुलगा संपवून उठलासुद्धा.

“सर,” भटू म्हणाला, “मी कागदावर लिहून देऊ? बठ्ठा... सगळा येतो मला. उत्तर काय येईल तेही लिहून देतो.”

“मी पेपर तपासायला आलेलो नाही,” परीक्षक म्हणाले. ते रागावले नव्हते. “मला स्क्रीनवर दाखवा.”

“स्क्रीनवर तेच येईल, सर.”

“मग आणा ना.”

देवरे सर खिडकीच्या पडद्याकडे बघत उभे होते. भटू पुन्हा वाकला. वेळ संपला तेव्हा पडद्यावर पाच-सहा ओळी होत्या, आणि त्या बरोबर होत्या. अर्ध्या प्रोग्रामला उत्तर नसतं. परीक्षकांनी शून्य दिलं की चार-दोन गुण दिले, मला माहीत नाही. पास होण्याइतके दिले नाहीत.

बाहेर पायऱ्यांवर तो माझ्या शेजारी बसला. मला वाटलं, आता विचारील. त्याने त्या दिवशी कीबोर्ड प्रथमच मोकळा, बोटं आड न येता पाहिला होता. आणि आबांचा धडा त्याच्या कानावर चार दिवस पडला होता. ए, एस, डी, एफ. तो नुसता आपल्या बोटाकडे बघत होता. “माले अक्षरंच सापडनात, भो,” म्हणाला. मग उठून, “चाल, च्या पिऊत.” चहाचे पैसे त्याने दिले.

त्याला पुन्हा परीक्षेला बसता आलं असतं. मी तसं म्हणालोही, पास झालेल्या माणसाला जे म्हणायला सोपं असतं ते. तो त्या लॅबमध्ये परत गेला नाही. गणित घेऊन त्याने वेगळ्या मार्गाने पदवी पुरी केली आणि साक्रीकडच्या एका शाळेत मास्तर झाला. जळगावच्या त्या एम.एस्सी.ला मी गेलो. तिथे मी कसाबसा तरलो, आणि मग माणसं कमी व विषय नवा, म्हणून नोकरीही लागली. आज मी त्याच विषयाचा प्रमुख आहे. दर वर्षी नवं काहीतरी येतं, पडदे येतात, काचेच्या पाट्या येतात, परीक्षा मोबाइलवर येतात, आणि प्रत्येक वेळी वरून जे पत्र येतं त्यात यंत्र कुठे ठेवायचं ते असतं, हात कोणाचा पोचेल ते नसतं. मध्यंतरी सगळं शिक्षणच घराघरातून चाललं होतं तेव्हा एका मुलीची हजेरी लागायची पण उत्तर कधी यायचं नाही. चौकशी केली तर कळलं, फोन घरात एकच, तो भावाच्या हातात, ही शेजारी बसून बघते. मिटिंगमध्ये मी यावर इतका चिडून बोललो की सगळे चकित झाले. एरवी हा माणूस तोंड उघडत नाही. त्यांना वाटलं, केवढी कळकळ!

आबांचं सांगायचं राहिलं. त्या भरताच्या जेवणानंतर आबांनी माझा शब्द गाठीशी बांधला. पुढच्या काही वर्षांत गल्लोगल्ली कंप्युटरचे क्लास निघाले. पालक आबांकडे यायचे, विचारायचे, मास्तर, पोराला पुढे कंप्युटरला घालायचं आहे, आधी तुमच्याकडे टायपिंग शिकवू का? आणि आबा, स्वतःच्याच पोटाचा तो प्रश्न असूनही, त्यांना सांगायचे, “नको. त्याची अक्षरं वेगळी असतात. माझा मुलगा त्यातलाच आहे, त्याने सांगितलंय. घोळ होईल पोराचा. तिकडेच घाला.” एका जुन्या विद्यार्थ्याने येऊन सांगितलंही म्हणे, सर, तसं काही नाही, सगळं सारखंच आहे. आबांनी त्याला वेड्यात काढलं. हे मला आईने हसत हसत सांगितलं होतं. सकाळची बॅच आधी गेली, मग दुपारची. पुढच्या खोलीतला आवाज विरळ होत गेला, गारांचे थेंब झाले. शेवटी एक-दोन मशीन ठेवून बाकीची मोडीत गेली. मी गप्प होतो.

मग एकदा कॉलेजने जुने कंप्युटर काढले, त्यातला एक मी घरी आणला. पुढच्या खोलीतच ठेवला, जागा तिथेच होती. आबा काही दिवस त्याच्याजवळ गेले नाहीत. एका दुपारी मी पेपर तपासत होतो, आई मागे वाळवणाच्या पापडांवर फडकं घालत होती. आबा धूळ पुसायला म्हणून फडकं घेऊन त्या टेबलाशी गेले. फडकं कीबोर्डवर ठेवलं, उचललं, आणि तसेच वाकून उभे राहिले. मग खुर्ची ओढून बसले. कधी नव्हे ते त्यांनी खाली, बटणांकडे, नीट बघितलं. डोळे मिटले आणि दहाही बोटं जागेवर ठेवली.

ए, एस, डी, एफ, जी, एफ. आवाज फार हळू, पोचट. पण ठेका तोच होता. आईने मागच्या खोलीतून मान बाहेर काढली. आबा एक ओळ पुरी करून थांबले आणि त्यांचा डावा हात सवयीने वर गेला, कॅरेजचा दांडा ढकलायला. तिथे दांडा नव्हता. हात तसाच हवेत राहिला.

“हाई तं आपलंच शे,” आबा म्हणाले. आनंदाने नाही, दुःखानेही नाही. हिशेब लागत नसला की बोलतो तसं. मग हात खाली घेऊन मांडीवर ठेवला. “केवढी पोरं मी परत धाडी दिनी.” आणि फडक्याची घडी करत, “तो तुना दोस्त व्हता ना, साक्रीकडला. भरीत खायेल. त्याले आठ दिवस पुरतात.”

मी पेपरवरून मान वर केली नाही. आबा माझ्याकडे वळले.

“तुले तैन्हा ठाऊक व्हतं का रे?”

“नाही, आबा,” मी म्हणालो. “तेव्हा आम्हालाही नीटसं माहीत नव्हतं.”

त्यांनी मान डोलावली. आत जाऊन जुन्या मशीनचं काळं रेक्झिनचं कव्हर घेऊन आले, ते कीबोर्डवर घातलं, चारी बाजूंनी नीट ओढून घेतलं, आणि अंगणात जाऊन बसले. त्या विषयावर ते पुन्हा बोलले नाहीत. त्यांनी माझं ऐकलं होतं, दोन्ही वेळा. आता ते नाहीत, आणि भटूला मी माझ्या आठवणींतलं हे प्रकरण छापायच्या आधी पाठवणार आहे, टाइप केलेलं नाही, हाताने लिहिलेलं.

ठाऊक होतं, आबा.